एका हंगामाचे एक कोटी

कबड्डीत पकड करणाऱ्या खेळाडूवर एक कोटी रुपये खर्च करावेत का? आणि करायचेच तर किती वर्षांसाठी? हा वाद गेली दोन वर्षं मी ऐकते आहे. शाळेच्या व्हरांड्यात ऐकते, अंधेरी-घाटकोपर मेट्रोत ऐकते, घरी आलेल्या भाच्यांच्या तोंडून ऐकते. यू मुंबाने ऑगस्ट २०२४च्या लिलावात सुनील कुमारला १ कोटी दीड लाखाला घेतलं, तिथून हे सुरू झालं. प्रो कबड्डीत तोवर कुठल्याही भारतीय बचावपटूला इतकी किंमत आली नव्हती. पुढच्या वर्षी मुंबईने त्याला सोडलं नाही, आपल्याकडेच ठेवलं. कर्णधारही तोच राहिला. म्हणजे एका चढाईपटूच्या किमतीत आपण एक मध्यरक्षक सांभाळतो आहोत, अशी एका गटाची तक्रार. दुसरा गट म्हणतो, जयपूरला २०२२चं विजेतेपद मिळालं तेव्हा कर्णधार कोण होता ते आठवा.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. गरज पडली की उर्दूचे तासही घेते. आमच्या मुलांची वादाची भाषा अर्थातच दोन्ही नव्हे. "टीचर, रेडर मॅच जिताता है, डिफेंडर सिर्फ बचाता है," असं एकाने मला समजावून सांगितलं. मी कबड्डीची जाणकार नाही, पण ज्या वस्तीत राहते आणि ज्या वस्तीत शिकवते तिथे हा खेळ न कळता राहणं अवघड आहे. गणपती, नवरात्र, शिवजयंती, कुठल्यातरी नगरसेवकाचा वाढदिवस, काहीही निमित्त पुरतं. रस्त्याच्या कडेला माती टाकली जाते, हॅलोजन लागतात आणि रात्री अकरापर्यंत लाऊडस्पीकरवरून गुणफलक ऐकू येतो.

त्या मुलाचं म्हणणं हिशेबाच्या दृष्टीने खोटं नाही. चढाईपटू तीस सेकंदांत दोन, तीन, क्वचित चारजणांना बाद करून येतो. पकड करणाऱ्याला मात्र एका पकडीचा एकच गुण. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असतील तरच अव्वल पकडीचा एक जादा गुण. शिवाय चढाई एकट्याची असते, पकड सात जणांची. कोपरारक्षकाने घोटा धरला तरी शेजारच्या मध्यरक्षकाने धडक दिली नाही, तर चढाईपटू त्याला ओढत मध्यरेषेपर्यंत जातो. गुण एकाच्या नावावर लागतो आणि काम तिघांनी केलेलं असतं. असं काम बाजारात नेहमीच स्वस्त जातं. घरात कोण किती काम करतं याचा हिशेब आपण कसा करतो ते बघा, म्हणजे कळेल.

म्हणून बचावपटूला मोठा आकडा मिळाला अशी बातमी आली की मी आधी बघते, तो आकडा बचावासाठी आहे का. मोहम्मदरझा शादलूला २०२३ मध्ये पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाख दिले, पुढच्या वर्षी हरियाणाने २ कोटी ७ लाख, त्यानंतर गुजरातने २ कोटी २३ लाख. डाव्या कोपऱ्यातला विलक्षण खेळाडू. पुणे त्याच्यासह जिंकलं, पुढच्या वर्षी हरियाणाही जिंकलं. पण तो चढाया करतो, म्हणून लिलावात अष्टपैलू म्हणून उभा राहतो. हॉकीतही हेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये हॉकी इंडिया लीगच्या लिलावात सर्वाधिक ७८ लाख मिळाले हरमनप्रीत सिंगला. कागदावर तो बचावपटू आहे, पण सूरमा क्लबने पैसे मोजले ते त्याच्या पेनल्टी कॉर्नरवरच्या गोलांसाठीही. निव्वळ अडवणाऱ्याचा दर याच्या निम्म्यावर अडकतो.

आणि तरी मुंबईचा अनुभव काय सांगतो? कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये यू मुंबाकडे आला तो ३६ लाख ४० हजारांत. पहिल्याच हंगामात त्याने दोनशेहून अधिक गुण कमावले. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यावर १ कोटी ४५ लाखांची बोली लावली आणि मुंबईने ती जुळवली नाही. तेव्हा आमच्या भागातल्या पोरांनी संघमालकांना काय काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. मुंबईने त्याच वेळी डाव्या कोपऱ्यातल्या फजल अत्राचलीला मात्र धरून ठेवलं. २०१९च्या त्या हंगामात मुंबई उपांत्य फेरीपर्यंत गेली आणि देसाईने ढीगभर गुण करूनही टायटन्स तळाच्या बाजूला राहिले. एका हंगामावरून सिद्धांत मांडू नये, हे मान्य. पण "डिफेंडर सिर्फ बचाता है" म्हणणाऱ्याला हे वर्ष दाखवावं.

फजलबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आमच्या शाळेत त्याचं स्थान वेगळं होतं. ३० मे २०१८ रोजी मुंबईने त्याच्यावर १ कोटी खर्च केले. लीगमध्ये कोटीचा आकडा गाठणारा पहिला खेळाडू ठरला तो चढाईपटू नव्हे, पकड करणारा. तोही इराणी. त्याच ऑगस्टमध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने उपांत्य फेरीत भारताला हरवलं. कबड्डीतलं आशियाई सुवर्ण भारताच्या हातून पहिल्यांदाच गेलं. घेऊन जाणाऱ्या संघात फजल होता. आणि ऑक्टोबरमध्ये तोच फजल नारिंगी जर्सी घालून मुंबईच्या कोपऱ्यात उभा राहिला, तेव्हा लालबाग-परळपासून आमच्या डोंगरावरच्या वस्तीपर्यंत सगळे त्याच्यासाठी शिट्ट्या मारत होते. 'सुलतान' म्हणत होते. त्याला कुणी देशभक्तीचा दाखला मागितला नाही. खेळात हे अजून शक्य आहे, एवढं नोंदवून पुढे जाते. आमची मुलं मात्र यावर जास्त वेळ रेंगाळली होती. नाव ओळखीचं वाटणारा माणूस मुंबईचा कर्णधार आहे, याचं त्यांना काय वाटलं असेल ते मी त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं आहे.

२०२२ मध्ये मुंबईने त्याला सोडलं. पुण्याने १ कोटी ३८ लाखांना घेतलं आणि ते अंतिम फेरीत गेले. २०२३ मध्ये गुजरातने १ कोटी ६० लाख दिले. २०२४ मध्ये बंगालने फक्त ५० लाख. वय वाढलं, गुण घटले, बाजाराने एका वर्षात किंमत तिसऱ्या हिश्शावर आणली. ऑक्टोबर २०२५ मध्ये दबंग दिल्लीने विजेतेपद मिळवलं, तेव्हा त्यांच्या बचावात तेहतीस वर्षांचा फजल होता. लीगच्या इतिहासात सर्वाधिक पकडगुण आजही त्याच्याच नावावर आहेत.

आता खरा मुद्दा. चाहते भांडतात ते आकड्यावर. एक कोटी जास्त की कमी, सुनीलला द्यावे की नव्या मुलाला. हा आकडा किती काळाचा आहे, हे त्यात जवळजवळ कुणीच विचारत नाही. वर मी जे जे आकडे दिले, ते सगळे एकेका हंगामाचे आहेत. हंगाम म्हणजे दोन-अडीच महिने. हंगाम संपला की संघ ठरवतो, ठेवायचं की सोडायचं. सोडलं की पुन्हा लिलाव. २०२५ मध्ये एक नियम आला. आपल्या जुन्या खेळाडूवर दुसऱ्याने लावलेली बोली जुळवून त्याला परत घेताना एक हंगाम की दोन, हे संघाला ठरवता येतं. मुदत वाढण्याच्या दिशेने हे पाऊल आहे, म्हणून मी त्याचं स्वागत करते. फक्त वाक्यातला कर्ता पाहा. ठरवतो संघ. मराठी शिकवणाऱ्या बाईला कर्ता शोधायची सवय असते.

मुदत नसली की काय होतं ते सिद्धार्थ देसाईच्याच आकड्यांत दिसतं. १ कोटी ४५ लाख. मग १ कोटी ३० लाख. मग खांदा दुखावला आणि पुढच्या लिलावात २० लाख. बरा झाल्यावर पुन्हा १ कोटी. त्यापुढच्या वर्षी २६ लाख. हा पगार आहे की ताप आलेल्या माणसाचा तक्ता? प्रदीप नरवाल तर या लीगचा सर्वांत मोठा चढाईपटू. २०२१ मध्ये १ कोटी ६५ लाख, २०२४ मध्ये ७० लाख, आणि २०२५ मध्ये त्याच्यावर बोलीच लागली नाही. त्याने निवृत्ती जाहीर केली. वय अठ्ठावीस. चढाईपटूंची ही गत, तर पकड करणाऱ्याचं काय होत असेल? तो दर सामन्यात गुडघे, खांदे आणि बोटं पणाला लावतो. अंगावर धावून येणाऱ्या माणसाच्या पायात सूर मारणं हेच त्याचं काम आहे.

मला या वादात भाषेचीही गंमत वाटते. 'लिलाव' आणि उर्दूतला 'नीलाम' ही एकाच पोर्तुगीज शब्दाची दोन लेकरं. 'हंगाम' फारसी. मराठीने त्याचा ऋतू केला, सुगी केली, आणि त्यावरून 'हंगामी' हा शब्द घडवला, म्हणजे तात्पुरता, उद्या नसेल असा. उर्दूत त्याच घरचा 'हंगामा' आहे, म्हणजे गोंगाट. प्रो कबड्डीला दोन्ही अर्थ लागू पडतात. आणि 'करार'. मराठीत करार म्हणजे कागदावरची सही. उर्दूत 'क़रार' म्हणजे करारही आणि स्वस्थताही. ज्याला ती नाही तो बेक़रार. मूळ अरबी शब्दात ठरणं, स्थिर होणं हा भाव आहे. म्हणजे ज्याने माणूस स्थिर होतो तो करार. वर्षावर्षाला नव्याने बोली लावणाऱ्या कागदाला हा शब्द वापरायचा का, असा प्रश्न मी नववीच्या वर्गात विचारला होता. मुलांनी 'हंगामी करार' असा शब्द सुचवला. उर्दूच्या कानाने ऐकला तर तो स्वतःशीच भांडणारा शब्द आहे.

मुंबईच्या कबड्डीला असं नेहमीच हंगामी राहावं लागलं नव्हतं. बुवा साळवींचा वाढदिवस, १५ जुलै, महाराष्ट्र कबड्डी दिन म्हणून पाळतो. त्या पिढीने हा खेळ गल्लीतून संघटनेत आणला. आणि मुंबईत तो जगला तो नोकरीवर. स्थानिक स्पर्धेचं पत्रक कधी हातात आलं तर बघा, त्यात 'व्यावसायिक गट' असतो. तिथे व्यावसायिक म्हणजे कोटी घेणारे नव्हेत. मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे, मुंबई पोर्ट ट्रस्ट, भारत पेट्रोलियम, देना बँक, एअर इंडिया, महिंद्र, महाराष्ट्र पोलीस अशा आस्थापनांचे संघ. मंडळाच्या मैदानावर चांगली पकड करणारा मुलगा कुणाच्या तरी नजरेत यायचा, चाचणी द्यायचा आणि क्लार्क किंवा शिपाई म्हणून चिकटायचा. पगार साधा, पण अठ्ठावन्न-साठ वर्षांपर्यंत. गुडघा गेला तरी टेबल राहायचं. सांताक्रूझचा रिशांक देवाडिगा २०१८ मध्ये उत्तर प्रदेशच्या संघाकडून १ कोटी ११ लाख घेण्याआधी बँकेच्या संघातून खेळत होता, हे आमच्या मुलांना सांगितलं तर त्यांना बँकेत कबड्डी कशी खेळतात असा प्रश्न पडतो.

खरा दीर्घ मुदतीचा करार हा होता. त्यावर कधी कुणी बातमी लिहिली नाही, कारण त्यात आकडा नव्हता. त्या यादीतली देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली. जे उरले त्यांच्याकडेही कायम भरती पूर्वीसारखी राहिलेली नाही. म्हणजे एकीकडे लिलावाचा आकडा १२ लाख ८० हजारांवरून (२०१४च्या पहिल्या लिलावात राकेश कुमारला मिळालेली सर्वोच्च किंमत) अडीच कोटींच्या पुढे गेला, आणि त्याच दहा वर्षांत खालची जमीन भुसभुशीत झाली. पहिल्या लिलावातल्या राकेश कुमारकडे रेल्वेची नोकरी होती, हेही विसरू नये. त्याच्या १२ लाखांना पाठीमागे टेकायला भिंत होती.

कायम नोकरीचं एवढं कौतुक मी का करते, याला माझं शिक्षकी पोट कारण आहे. बीएड झाल्यावर एका विनाअनुदानित संस्थेत मी काम केलं. तिथे अकरा महिन्यांची ऑर्डर मिळायची. बारावा महिना सुट्टीचा म्हणजे बिनपगारी, आणि जूनमध्ये पुन्हा दारात उभं राहायचं. मे महिन्यात कुठल्याही लग्नात मी हसले असेन असं वाटत नाही. पुढे अनुदानित शाळेत शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं काढली आणि मग कायम झाले. शिक्षण सेवकांचं मानधन २०२३ पासून वाढलं, प्राथमिकला ६ हजारांचं १६ हजार, माध्यमिकला ८ हजारांचं १८ हजार. वाढायलाच हवं होतं. पण त्या तीन वर्षांत मला जगवलं ते मानधनाने नव्हे. तीन वर्षांनंतर काय आहे ते माहीत होतं, त्याने जगवलं. कर्ज काढता येतं, खोली भाड्याने घेता येते, मुलाचं नाव शाळेत घालता येतं ते या माहितीच्या जोरावर.

यावर एक आक्षेप येतो आणि तो फालतू नाही. मुदत मोठी दिली की माणूस सुस्तावतो. "टीचर, तीन साल का पक्का हुआ तो फिर टॅकल क्यूँ मारेगा?" असं मला एका मुलीने विचारलं. कायम झालेल्या शिक्षकांकडे पाहून तिला ही शंका आली असेल तर मी तिला दोष देणार नाही. दुसरा आक्षेप संघाच्या तिजोरीचा. प्रो कबड्डीत एका संघाला सगळ्या खेळाडूंवर मिळून ५ कोटी खर्च करता येतात. बारा संघ धरले तर पूर्ण लीग ६० कोटींत बसते. आयपीएलच्या २०२४च्या मोठ्या लिलावात एकेका संघाची मर्यादा १२० कोटी होती, म्हणजे आख्खी कबड्डी अर्ध्या मुंबई इंडियन्सइतकी. या ५ कोटींत अठरा ते पंचवीस खेळाडू बसवायचे. एक-दीड कोटी एका माणसावर तीन वर्षांसाठी बांधले आणि त्याचा गुडघा पहिल्याच महिन्यात गेला, तर संघाने काय करावं?

याचं उत्तर जगात इतरत्र शोधलं गेलं आहे. अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकी लीगमध्येही संघांना खर्चाची कमाल मर्यादा आहे. तरी तिथले क्लब आपल्या बचावपटूंना सात-आठ वर्षांचे करार देतात. इतकी वर्षं आठ ही मर्यादा होती, नव्या समझोत्यात ती सात होते आहे. तिथले चाहतेही भांडतात, पण त्यांचं भांडण दोन आकड्यांवर असतं, वर्षाला किती आणि किती वर्षं. पस्तिशीत तो पळू शकेल का, शेवटची दोन वर्षं ओझं होतील का, असल्या गोष्टींवर रात्र रात्र वाद. मला हे भांडण जास्त सुसंस्कृत वाटतं, कारण त्यात खेळाडूचं पुढचं वय धरलेलं असतं. आणि ती सात-आठची मर्यादा मालकांनी एकट्याने ठरवलेली नाही. खेळाडूंची संघटना आणि मालक समोरासमोर बसून ती ठरवतात. कबड्डीत कमीत कमी दोन हंगामांची हमी, आणि खेळताना झालेल्या दुखापतीसाठी त्या मुदतीत पूर्ण रक्कम, एवढं तरी मागायला काय हरकत आहे? जखमी खेळाडूची रक्कम ५ कोटींच्या बाहेर धरली, तर संघाचंही नुकसान होत नाही. हा हिशेब माझ्या आठवीतल्या मुलांनाही जमेल.

हमी नसलेल्या लीगचं काय होतं, तेही हॉकीने दाखवलं आहे. हॉकी इंडिया लीग २०१३ मध्ये धूमधडाक्यात सुरू झाली. मुंबई मॅजिशियन्स नावाचा संघही होता. २०१७ नंतर ती बंद पडली आणि थेट २०२४च्या डिसेंबरात पुन्हा उभी राहिली. मधली सात वर्षं खेळाडू कशावर जगले? पोलीस, रेल्वे, तेल कंपन्या. नव्या लीगमध्ये महाराष्ट्राचा संघच नाही. कबड्डीतही मुंबईने घरचे सामने शेवटचे पाहिले ते जानेवारी २०२४ मध्ये. त्यानंतरचे दोन हंगाम दुसऱ्या शहरांत गेले. लिलाव मात्र मुंबईतच होतो.

मुलींचा प्रश्न मी एका परिच्छेदात उरकते आहे, कारण त्यांच्याकडे वाद घालायला आकडाच नाही. २०१२ मध्ये पाटण्यात महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला. संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या, दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे आणि सुवर्णा बारटक्के. राज्य सरकारने प्रत्येकीला १ कोटी दिले. फजलच्या सहा वर्षं आधी. तरीही प्रो कबड्डीने महिलांसाठी २०१६ मध्ये तीन संघांचा एक छोटा प्रयोग केला आणि तो तिथेच थांबला. आमच्या शाळेतल्या मुली ओढणी कमरेला गुंडाळून मुलांपेक्षा चांगली साखळी धरतात. त्यांच्या घरी कोणता आकडा दाखवायचा, मला सुचत नाही.

हे सगळं मी लिहायला घेतलं ते दहावीतल्या एका मुलामुळे. डावा कोपरा खेळतो. वडील रिक्षा चालवतात. गेल्या हिवाळ्यात त्याला बाहेरच्या मंडळांकडून बोलावणी येऊ लागली, एका रात्रीच्या सामन्याचे हजार, कधी दोन हजार. मार्चमध्ये परीक्षा, आणि हा पहाटे दोनला पनवेलहून परत येतो. वडिलांना मी शाळेत बोलावलं. ते म्हणाले, "टीचर, माझा दिवसाचा धंदा जेवढा होतो तेवढं हा एका रात्रीत आणतो. मी काय सांगू याला?" मुलाकडे उत्तर तयार होतं. सुनील कुमार, १ कोटी. मी त्याला विचारलं, आमच्या अंधेरी-घाटकोपर पट्ट्यात तुझ्याएवढे चांगले कोपरारक्षक किती असतील? तो म्हणाला, पंचवीस-तीस. मग त्याच्याचकडून हिशेब करून घेतला. बारा संघ, प्रत्येकाचे डावे कोपरे दोन किंवा तीन, त्यात हरियाणाचे किती, इराणचे किती. मुलगा हुशार आहे. कागदावर शेवटी उरलेली संख्या त्याने मला दाखवली नाही, घडी घालून खिशात टाकली.

मी त्याला कबड्डी सोड म्हटलं नाही. म्हणणारही नाही. घोटा धरताना त्याच्या तोंडावर जे येतं ते मराठीच्या तासाला मी कधी पाहिलेलं नाही. पण रात्रीचे सामने परीक्षेपर्यंत बंद, हे त्याच्याकडून आणि वडिलांकडून कबूल करून घेतलं. आणि दुसरं म्हणजे जिल्हा शालेय स्पर्धा, विभागीय स्पर्धा, उपनगरच्या संघटनेची निवड चाचणी, जे जे खेळला त्याची प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये लावायला सांगितली. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी पात्र स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं आणि क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून ते पडताळून घ्यावं लागतं. मंडळाच्या रात्रीच्या सामन्यांची ट्रॉफी तिथे चालत नाही. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सध्या फाइलमध्ये दोन प्रमाणपत्रं आहेत. एकावर नाव चुकीचं छापलं आहे, ते दुरुस्त करून आणायला त्याला पाठवलं आहे.